नक्कल करावी, पण कशाची?

गोट्या खेळताना 'गल' कोठे खणायची, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? आमच्या दुसरबीडची मुले तो फार बारकाईने करतात. कडुनिंबाच्या बुंध्याशी जमीन एका अंगाने किंचित उतरती असते. तेथे गल खणली, तर सरळ टाकलेली गोटी हुकते आणि थोडी वरच्या अंगाने सोडलेली गोटी वळण घेत अलगद गलीत जाते. गावातल्या मुलाला हे ठाऊक असते, बाहेरून आलेल्या पाहुण्याला नसते. म्हणून पाहुणा हरतो!

हे आठवण्याचे कारण वेगळेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या अदिती अशोकने गोल्फमध्ये चौथा क्रमांक मिळविला. पुरुषांच्या स्पर्धेत उदयन माने हाही भारताकडून खेळला. त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, हा तर गोट्यांचाच खेळ झाला. मग त्याला एवढी शंभर एकर जागा कशाला लागते? आणि प्रत्येक ठिकाणचं मैदान वेगळं का असतं?"

प्रश्न चांगला होता. क्रिकेटची खेळपट्टी जगात कोठेही २२ यार्डांचीच असते. कबड्डीचे मैदान मापात आखलेले असते. गोल्फचे तसे नाही. चेंडूचे आणि भोकाचे माप तेवढे ठरलेले आहे. चेंडूचा व्यास सुमारे ४.३ सें.मी. आणि भोकाचा १०.८ सें.मी. बाकी सारे मैदान रचणाऱ्यावर सोपविलेले! आणि गंमत अशी की, हे मैदान रचणारे लोक गेली शंभरांहून अधिक वर्षे त्याच त्या जुन्या पाच-पंचवीस नमुन्यांकडे पुन्हा पुन्हा वळत आले आहेत. ही नक्कल आहे काय? असल्यास ती चांगली की वाईट? मला या बाबतीत एक मत मांडावयाचे आहे. ते गोल्फपुरते नाही. आपल्या गावाला आणि आपल्या शाळेलाही ते लागू पडते. पण सुरुवात गोल्फपासूनच करू.

मैदान रचले कोणी?

गोल्फमध्ये 'होल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे ते भोक. दुसरा अर्थ, पहिला फटका मारण्याच्या जागेपासून त्या भोकापर्यंतचा सारा पट्टा. असे १८ पट्टे मिळून पूर्ण मैदान होते. भोकाभोवतीची बारीक कापलेली गुळगुळीत जागा म्हणजे 'ग्रीन'. आपण तिला हिरवळ म्हणू. वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना 'बंकर' म्हणतात.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज येथील जुने मैदान या खेळाचे माहेरघर समजले जाते. खेळ किती जुना? स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली एक कायदा करून त्यावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळत बसत! सेंट अँड्र्यूजला पूर्वी एका फेरीत २२ होल खेळत. १७६४ मध्ये काही होल जोडून ती संख्या १८ केली. आज जगभर १८ होल असतात, त्याचे मूळ येथे आहे. १८ या आकड्यामागे दुसरे काही गणित नाही, हे लक्षात ठेवा. आपण पुढे त्याकडे येणार आहोत.

हे मैदान कोणा अभियंत्याने आखलेले नव्हते. समुद्र मागे हटला, वाऱ्याने वाळूचे उंचवटे उभे केले, त्यांवर आखूड गवत उगवले. मेंढ्यांनी ते चरून आणखी आखूड केले. सोसाट्याच्या वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी मेंढ्या जेथे अंग चोरून बसत, तेथील गवत जाऊन वाळू उघडी पडली आणि तेच पहिले बंकर झाले, असे मानतात. म्हणजे पहिले रचनाकार वारा, पाणी आणि मेंढ्या! माणसाने एवढेच केले की, चांगली जागा कोणती ते ओळखले.

रेडानची युक्ती

त्याच किनाऱ्यावर नॉर्थ बेरिक नावाचे गाव आहे. तेथील पंधराव्या होलचे नाव 'रेडान'. रेडान म्हणजे किल्ल्याच्या तटाचा बाहेर आलेला टोकदार कोपरा. क्रिमियाच्या युद्धात १८५५ मध्ये सेव्हास्तोपोल येथे अशाच एका रेडानवर इंग्रजांनी हल्ला केला होता. त्या युद्धावरून हे नाव आले.

या होलची रचना नीट समजून घ्या. हिरवळ समोर सरळ नाही, तिरकी आहे. तिचे उजवे टोक खेळाडूच्या जवळ, डावे टोक दूर. डाव्या बाजूला पुढे खोल बंकर आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे हिरवळीचा उतार खेळाडूकडे नाही, तर त्याच्यापासून दूर, मागे आणि डावीकडे आहे. भोक डावीकडे असताना थेट त्याच्यावर नेम धरला, तर चेंडू बंकरात तरी पडतो किंवा हिरवळ ओलांडून मागे तरी घरंगळतो. शहाणा खेळाडू उजवीकडच्या उंच खांद्यावर चेंडू टाकतो. पुढचे काम उतार करतो. चेंडू वळत वळत भोकाकडे जातो. कडुनिंबाखालची आपली गलच ही!

याचा प्रयोग घरी करून पाहा. एक मोठी पाटी किंवा गुळगुळीत फळी घ्या. तिच्या एका लांब कडेखाली दोन वह्या ठेवा, म्हणजे ती एका बाजूने कलेल. आता कललेल्या दिशेला काटकोनात, वरच्या कडेला समांतर, एक गोटी हळूच सोडा. ती सरळ जाणार नाही. खाली वळत जाईल. गोटी पाण्यात बुडवून सोडली, तर तिचा मार्ग पाटीवर उमटेल. ती वक्ररेषा म्हणजे अन्वस्त. गोटीचा पुढे जाण्याचा वेग जवळजवळ तोच राहतो, पण खालच्या दिशेचा वेग प्रत्येक क्षणी सारखा वाढत जातो. म्हणून ही रेषा मिळते. गॅलिलिओने उतरणीवर गोळे घरंगळवून गतीचे नियम शोधले, ते असेच. आता गोटी जोरात सोडा. वळण कमी दिसेल, कारण उताराला आपले काम करायला वेळच मिळाला नाही. शेवटी पाटीवर एक ओला फडका पसरून तोच प्रयोग करा. गोटी थोडी जाईल आणि थांबेल.

हा शेवटचा भाग विसरू नका. रेडानला तीन गोष्टी लागतात : तिरकी मांडणी, दूर जाणारा उतार आणि कोरडी, टणक जमीन. यांतली एक जरी गेली, तरी नाव रेडान राहते, पण काम होत नाही.

नमुने गोळा करणारा माणूस

चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड (१८५५–१९३९) हा अमेरिकेत वाढलेला. १८७२ मध्ये तो शिकण्यासाठी सेंट अँड्र्यूजला गेला आणि गोल्फच्या नादी लागला. अमेरिकेत परतल्यावर त्याला तेथील मैदाने मिळमिळीत वाटू लागली. १९०२ ते १९०६ या काळात त्याने पुन्हा ब्रिटन आणि युरोप पालथा घातला. उत्तम म्हणून नावाजलेले होल त्याने पाहिले, त्यांचे नकाशे आणि रेखाटने मिळविली आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर एक नवे मैदान उभारले. 'नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका' हे त्याचे नाव. १९११ मध्ये ते रीतसर खुले झाले. तेथे चौथा होल रेडान आहे आणि तिसरा 'आल्प्स', म्हणजे स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे टेकडीपलीकडच्या न दिसणाऱ्या हिरवळीवर मारावा लागणारा फटका. तेरावा 'ईडन', त्याचा मूळ नमुना सेंट अँड्र्यूजचा अकरावा होल.

या कामात त्याचा साहाय्यक होता सेथ रेनर नावाचा अभियंता. त्याला गोल्फ फारसे ठाऊक नव्हते. जमिनीची मोजणी मात्र उत्तम येत होती. समोच्चता दर्शक रेषांचा नकाशा तुम्ही भूगोलात शिकता ना? त्या रेषा वाचून कोठे उतार आहे, कोठे खांदा आहे, पाणी कोठून वाहील, हे रेनर ओळखी. पुढे त्याने स्वतः कित्येक मैदाने आखली. जेथे जमीन उलट्या बाजूला उतरती असेल, तेथे त्याने रेडानही उलटा केला. भूमितीत आरशातील प्रतिमा काढतो तसा! डावे ते उजवे झाले, पण युक्ती शाबूत राहिली. माझ्या मते रेनरची खरी समज येथे दिसते. मूळ आकृतीलाच चिकटून राहिला असता, तर त्याला उलटा उतार खणून सुलटा करावा लागला असता.

मॅकडोनल्डने स्वतःही एक नमुना जगाला दिला. त्याला 'केप' म्हणतात. केप म्हणजे भूशीर. आज या नावाने जी युक्ती ओळखली जाते, तिचे गणित तुमच्या पायथागोरसच्या सिद्धांतात आहे. समजा, खेळाडू 'अ' येथे उभा आहे. वाट सरळ १८० मीटर 'ब' पर्यंत जाते, तेथे काटकोनात वळते आणि २४० मीटरांवर 'क' येथे भोक आहे. कोपऱ्याच्या आतल्या अंगाला पाणी. भित्रा खेळाडू अ–ब–क असा जाईल : ४२० मीटर. शूर खेळाडू पाण्यावरून थेट अ–क मारू पाहील. ते अंतर कर्णाएवढे, म्हणजे ३०० मीटर. एका फटक्यात एवढे अंतर हवेतून पार करणे जगातल्या निवडक बलवान खेळाडूंनाही जड जाते. तिसरा खेळाडू मधला मार्ग काढील. 'ब'च्या पलीकडे ७५ मीटरांवरील जागेवर तो नेम धरील. ७५ आणि १८० यांवरील कर्ण १९५ येतो, उरले १६५. एकूण ३६० मीटर. जेवढे धाडस, तेवढी बचत. आणि चुकले तर चेंडू पाण्यात. एकाच मैदानावर नवशिका, मधला आणि तरबेज अशा तिघांनाही आपापल्या कुवतीचा प्रश्न मिळतो. चांगली प्रश्नपत्रिका याहून वेगळी काय असते?

जेथे नक्कल फसते

आता दुसरी बाजू पाहा. सेंट अँड्र्यूजचे बंकर लहान, खोल आणि उभ्या कडांचे असतात. ते तेथे शोभतात, कारण खाली वाळू आहे. वाळूचा कण २ मिलिमीटरपर्यंत जाड. दोन कणांमध्ये मोकळी जागा असते आणि पाणी भरभर खाली उतरते. आता तोच खड्डा आपल्या काळ्या जमिनीत खणून पाहा. बुलढाणा जिल्ह्याची माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेली. तिच्यातील चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान. पाणी मिळाले की ती फुगते, भोके बुजतात. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तो बंकर आषाढात डबके होईल आणि वैशाखात त्याची कड ढासळेल.

पावसाचेही तसेच. सेंट अँड्र्यूजच्या भागात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडचा आकडा त्याहून फारसा वेगळा नाही. पण तेथे तो बारा महिन्यांत झिमझिमतो, आपल्याकडे बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. सरासरी सारखी दिसली म्हणून हवामान सारखे होत नाही! मुंबईत चेंबूर येथे १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे आणि नवी मुंबईत खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने एक मैदान केले आहे. तेथे तर पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस. श्रावणात तेथे कोणी रेडान बांधला, तरी चेंडू घरंगळणार नाही. आपल्या ओल्या फडक्यावरील गोटीसारखा जागीच बसेल.

मग पाण्याचा निचरा कसा करतात? १९६० मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने हिरवळीच्या बांधणीची एक पद्धत प्रसिद्ध केली. वर ३० सें.मी. वाळूचा थर, त्याखाली १० सें.मी. खडीचा. तुम्हाला वाटेल, खडीमुळे पाणी लगेच निघून जाईल. तसे होत नाही. वाळूच्या बारीक फटी केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात; खडीच्या मोठ्या फटी ते ओढून घेऊ शकत नाहीत. पाणी थराच्या तळाशी साठते आणि गवताला मिळते. ते साठून त्याची उंची पुरेशी वाढली, म्हणजे स्वतःच्या वजनाने जादा पाणी खडीत उतरते. याचाही प्रयोग सोपा आहे. आयताकृती स्पंज भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणे थांबू द्या. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, पाणी तेच. फक्त पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली. म्हणजे जुन्या किनाऱ्यावर निसर्गाने केलेले काम माणसाने थर रचून केले. ही रूपाची नक्कल नाही, कार्याची आहे.

अमेरिकेच्या पीट डाय याची गोष्ट अशीच बोलकी आहे. १९६३ मध्ये तो स्कॉटलंडची मैदाने पाहून आला. तेथे वाळूच्या कडा ढासळू नयेत म्हणून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर लावलेले त्याने पाहिले आणि ती कल्पना आपल्या मैदानांवर वापरली. पुढे फ्लोरिडामध्ये सॉग्रास येथे त्याला दलदलीची जागा मिळाली. बाकीचे मैदान उचलण्यासाठी त्याने एका ठिकाणची चांगली वाळू इतकी उपसली की, तेथे मोठा खड्डा पडला. पत्नी ॲलिस हिच्या सुचनेवरून त्याने खड्ड्यात पाणी सोडले आणि मध्ये हिरवळीचे बेट ठेवले. १९८० मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाचा सतरावा होल जगप्रसिद्ध झाला. सॉग्रासला बेट जन्मले ते गरजेतून. त्यानंतर जगात ठिकठिकाणी तशी बेटे झाली. पण जेथे दलदल नाही, उपसलेली वाळू नाही, तेथे मुद्दाम तळे खणून बेट करायचे, हे मला पाहुण्याच्या घरची चूल पाहून गॅसच्या शेगडीशेजारी राख पसरण्यासारखे वाटते.

याहून मोठी चूक हिरव्या रंगाची. अमेरिकेतील ऑगस्टा येथील मैदान डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी आणि बॉबी जोन्स यांनी रचले. १९३४ पासून तेथे मोठी स्पर्धा होते. मॅकेंझी पेशाने डॉक्टर. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचा त्याने बारकाईने नकाशा केला होता आणि तेथील तत्त्वे त्याने ऑगस्टाच्या टेकडीवर आणली. पण दूरदर्शनवर ते मैदान पाहणाऱ्यांनी तत्त्वे घेतली नाहीत. घेतला तो डोळ्यांत भरणारा हिरवा गालिचा. आणि मग कोरड्या प्रदेशांतही तो गालिचा हवा म्हणून पाणी ओतणे सुरू झाले. मूळ स्कॉटिश मैदान तर कोरड्या उन्हाळ्यात पिवळे-तपकिरी पडते आणि तेव्हाच ते उत्तम खेळते!

आपल्याकडच्या जुन्या, लहान मैदानांनी मात्र एक शहाणपणा केला होता. पाणी नाही, तर हिरवळ नको, असे म्हणून भारतात कित्येक ठिकाणी भोकाभोवती तेल मिसळलेली वाळू दाबून गुळगुळीत जागा करीत. 'ग्रीन' ऐवजी तिला 'ब्राऊन' म्हणत. चेंडू नीट घरंगळावा, एवढेच तर काम! रंग बदलला, तत्त्व टिकले.

हुबेहूब नक्कल कधीच नको काय?

माझ्या मताला एक आक्षेप आहे आणि तो खोडून काढण्यापेक्षा समजून घेणे बरे. मॅकडोनल्डने लाँग आयलंडवर 'लिडो' नावाचे आणखी एक मैदान केले होते. दुसऱ्या महायुद्धात ते नष्ट झाले. अलीकडे जुनी छायाचित्रे तपासून एका अभ्यासकाने संगणकावर त्याची प्रतिकृती तयार केली; उपग्रहांच्या मदतीने जागा अचूक दाखविणाऱ्या यंत्रांनी माती सरकविली गेली आणि २०२३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात तेच मैदान, तेच चढउतार घेऊन पुन्हा उभे राहिले. ही तर हुबेहूब नक्कल. मग ती फसली का नाही?

दोन कारणे आहेत. एक म्हणजे, येथे हेतूच हरवलेली वस्तू परत मिळविण्याचा होता. जुन्या मूर्तीची प्रतिकृती संग्रहालयात ठेवावी, तसा. दुसरे, विस्कॉन्सिनची ती जमीनही वाळूची आहे. हिमयुगातील एका प्रचंड सरोवराने ती वाळू मागे ठेवली. म्हणजे येथेही आधी जमीन पाहिली, मग नक्कल केली. आक्षेपातूनच नियम पक्का झाला.

आपल्या अंगणात

तुम्ही म्हणाल, उन्हाळ्यात जेथे पिण्याच्या पाण्यासाठी वणवण होते, तेथे गोल्फच्या गोष्टी कशाला? बरोबर आहे. दुसरबीडला गोल्फचे मैदान व्हावे, असे मी म्हणत नाही. होऊ नये, असेच म्हणेन. माझी चिंता दुसरीच आहे.

आमच्याच परिसरातल्या एका शाळेला काही वर्षांपूर्वी मैदानासाठी पैसे मिळाले. आराखडा एका मोठ्या शहरातील मैदानावरून उतरविलेला होता. जमीन आडव्या रेषेसारखी सपाट केली आणि सभोवती पक्का कट्टा बांधला. जुन्या मैदानाला एका कोपऱ्याकडे हलका उतार होता आणि तेथून पाणी ओघळीत जात असे. ती ओघळ 'खड्डा' समजून बुजविली. पहिल्या पावसाळ्यात मैदानाचे तळे झाले. चिखल आश्विनापर्यंत वाळला नाही. खो-खोचे खांब कलले. त्या वर्षी मुलींच्या संघाला सरावाला जागाच उरली नाही, आणि तालुक्याच्या सामन्यात पहिल्याच फेरीत त्या हरल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "सर, जुनं ओबडधोबड होतं, पण आमचं होतं." ज्यांनी आराखडा उतरविला त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी आकार पाहिला. तो आकार तेथे का आहे, हे विचारले नाही.

आता आमच्या तालुक्याच्या गावी, सिंदखेडराजाला चला. जिजामातेचे हे जन्मस्थान. तेथील लखुजी जाधवांचा राजवाडा तुम्ही सहलीत पाहिला असेल. पण मोती तलाव पाहिला काय? चांदणी तलाव? पुतळा बारव? जमिनीचा कल ओळखून, पाणी जेथे आपण होऊन येते तेथेच ते अडविण्याची ती विद्या आहे. तेथील दगडी कमानी पाहून आपण आपल्या गावाच्या वेशीला सिमेंटची कमान बांधतो आणि म्हणतो, वारसा जपला! बारवेची कमान घेतली. बारव पाण्याजवळ का आहे, ते घेतले नाही. रेडानचे नाव ठेवले आणि उतार विसरलो, त्यातलाच हा प्रकार.

विज्ञान प्रदर्शनातही मी दर वर्षी हेच पाहतो. मागच्या वर्षी बक्षीस मिळालेला ज्वालामुखी यंदा चार शाळांतून येतो. येथून जवळच लोणारचे विवर आहे, उल्कापाताने काळ्या पाषाणात झालेले. त्याचे एखादे प्रारूप ओल्या मातीत दगड टाकून, दगडाची उंची आणि खड्ड्याची रुंदी मोजून कोणी करीत नाही! नक्कल करण्यात कमीपणा नाही. मॅकडोनल्डने केली, मॅकेंझीने केली. सर्व विद्येची सुरुवात नकलेतूनच होते. आपणही अक्षर गिरवूनच शिकलो. पण गिरवणे ही पहिली इयत्ता. पुढच्या इयत्तेत 'का?' विचारावे लागते.

म्हणून कोणतीही चांगली वस्तू उचलण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. ही वस्तू नेमके कोणते काम करते? ते काम तेथल्या कोणत्या गोष्टींमुळे होते. माती, पाणी, उतार, हवा? त्यांतल्या कोणत्या गोष्टी माझ्याकडे आहेत? आणि ज्या नाहीत, त्यांच्या जागी मी काय वापरू? काही गोष्टी केवळ योगायोगाने चालत आलेल्या असतात, १८ होलांसारख्या. त्या घ्या वा सोडा, बिघडत नाही. पण उतार आणि निचरा यांच्याशी तडजोड चालत नाही.

पावसाळा येण्यापूर्वी एक काम करा. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या आणि ती पाण्याने भरा. तिची दोन टोके शाळेच्या मैदानाच्या दोन कोपऱ्यांत सरळ उभी धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहील. जमिनीपासून त्या पातळीची उंची दोन्ही टोकांना मोजा. दोन्ही उंचींतील फरक म्हणजे उतार. असे दर पाच मीटरांवर मोजून चौकटीच्या कागदावर आकडे लिहा आणि सारख्या आकड्यांतून रेषा काढा. झाला तुमच्या मैदानाचा समोच्चता नकाशा, रेनरने केला तसाच! मग पहिल्या पावसात छत्री घेऊन उभे राहा आणि नकाशात म्हटल्याप्रमाणे पाणी जाते काय ते पाहा.

आणि तो नकाशा मुख्याध्यापकांच्या खोलीत लावून ठेवा. उद्या कोणी नवा आराखडा घेऊन आला, तर त्याला आधी तो दाखवा.

— एक विज्ञानशिक्षक, दुसरबीड